करंगळी

नंदूला तोंड आलंय.
तोंड येतं म्हणजे बोलणं जातं,
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
एरवी जिन्यात माझी चप्पल वाजली
की वरूनच ओरडणारी पोर
दारात नुसती उभी, गालाला हात,
लाळेनं फ्रॉकचा गळा ओला.

बायकोनं खालचा ओठ उलटा करून दाखवला :
ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका,
भोवती लाल कडं.
जिभेखाली अजून एक.
बास, एवढंच.
आणि एवढ्याशानं वरणभाताचं ताट
तीन दिवस तसंच परत.

उपाय सांगायला चाळ कमी पडत नाही.
मोकाशीण वहिनी म्हणाल्या, जाईचा पाला चावायला द्या.
कोपरखैरण्यात जाई शोधत फिरलो,
बागेत नुसती बोगनवेल.
कुणी म्हणालं कच्चं तोंडलं, कुणी तुरटी,
कुणी म्हणालं, पोट साफ नसेल,
आणि माझ्याकडं बघितलं, जणू पोट माझंच.
मिठाच्या पाण्याची गुळणी शिकवली
तर नंदूनं घोट गिळला
आणि फसवल्यासारखी आमच्या तोंडाकडं बघत राहिली.

कुट्टी मॅडमनी बॅटरी मारून बघितलं.
"घाबरू नको. आपोआप जाणार. सात दिवस, दहा दिवस.
दहीभात द्या, गार दूध द्या. तिखट नको, आंबट नको.
ताप आला, पाणी प्यायचं बंद केलं, तर लगेच आणा."
एक ट्यूब लिहून दिली.
"दिवसातून तीनदा लावा. स्वच्छ बोटानं."
मी हात पाठीमागं घेतले.

मी मसाला मार्केटात माथाडी आहे.
ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी,
पोतं न उघडता वासावरून सांगतो.
सोळा वर्षांत हाताच्या रेघांत जे बसलंय
ते साबणानं निघत नाही, फेससुद्धा झोंबतो.
नंदू तान्ही होती तेव्हा
मी तिला कायम दुपट्यातून धरली.
औषध, डोळ्यातलं काजळ, नाकातला शेंबूड,
सगळं तिच्या आईकडं.

गुरुवारी आईची रात्रपाळी. वाशीच्या दवाखान्यात आया आहे ती.
जाताना ट्यूब माझ्या पुढ्यात ठेवली,
काही बोलली नाही.

आधी गोडं तेल चोळलं. मग डाळीचं पीठ.
मग साबण, मग दही, मग परत साबण.
करंगळी सगळ्यात कमी कामाची, ती निवडली.
नखं मुळापासून कापली.
आणि मोरीत उभा राहून
ती आपल्याच डोळ्याला लावली.

झोंबली.
परत तेल, परत पीठ.
झोंबली, पण जरा कमी.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर जात होते,
वाटीतलं दही संपलं,
शेजाऱ्यांचा टीव्ही बंद झाला.
पाचव्या खेपेला डोळा गप्प राहिला.
थोडा थांबलो. तरी गप्प.

नंदूला उठवलं.
तिनं माझा लालभडक डोळा बघितला
आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली :
"पप्पा, तू रडला?"
म्हटलं, आ कर.
तिनं केला. इतका सहज
की मीच दचकलो.
आत केवढं मऊ असतं लेकराचं तोंड,
चार वर्षांची झाली आणि मला माहीतच नव्हतं.
ठिपक्यावर बोट टेकलं तशी ती ताठ झाली,
माझं मनगट धरलं तिनं घट्ट,
मग हळूहळू सोडलं.
"गार हाय," म्हणाली, आणि झोपली.

सकाळी मार्केटात
करंगळीला दुधाच्या पिशवीचा तुकडा
रबरानं गुंडाळून गेलो.
हुक चार बोटांनी धरला.
मुकादम हसला, "काय रे, बोटाला लागलं?"
म्हटलं, नाही.
ते घरचं आहे.